गनच्या टप्प्याबाहेरचा घाट

कोंडाईबारी घाट उतरून विसरवाडीकडे येणारी गाडी सरळ रस्त्याला लागली, की चालकाचा पाय दाबला जातोच. घाटात ट्रकमागे रखडलेला वेळ त्याला इथे भरून काढायचा असतो. धुळ्याहून नवापूरमार्गे सुरतेला जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 53 च्या या पट्ट्यात महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर गाडीजवळ उभं राहून मी त्यांचं काम पाहिलं.

हवालदाराने वेग मोजणाऱ्या लेसर गनचा पहिला नेम धरला तो विजेच्या खांबावर. दुर्बिणीतला ठिपका खांबावरून आडवा सरकवत नेला. ठिपका नेमका खांबावर आला तेव्हाच यंत्राचा सूर बदलला. दिसतंय तिथेच किरण जातोय, याची ही खात्री. ती न करता काम सुरू केलं, तर एकाचा वेग दुसऱ्याच्या माथी बसू शकतो.

मग गन येणाऱ्या गाडीच्या नंबरप्लेटवर रोखायची, कारण तिच्यावरून प्रकाश चांगला परततो. यंत्रातून लेसरचे झटके एकामागून एक सुटतात. प्रकाश एका नॅनोसेकंदात साधारण 30 सेंटिमीटर जातो. झटका जाऊन परतायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं, आणि ते अंतर किती झपाट्याने घटतंय त्यावरून वेग. सगळा हिशेब सेकंदाच्या आत होतो. पोलीस कडेला, जरा तिरका उभा असतो. त्या तिरकेपणामुळे यंत्र खऱ्यापेक्षा किंचित कमी वेग दाखवतं, जास्त कधीच नाही. ‘गन वाढवून दाखवते’ म्हणून भांडणाऱ्या प्रत्येक चालकाला हे सांगायला हवं.

गुजरात पासिंगची एक पांढरी मोटार आली. पडद्यावर 112. ताशी 112 म्हणजे सेकंदाला 31 मीटर. रस्त्यात आलेलं जनावर दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एवढं अंतर सरतं, ब्रेक त्यानंतर लागतो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं. पडद्यावर फोटो, वेळ, ठिकाण आणि वेग एकत्र उमटले. ई-चलान मालकाच्या मोबाइलवर जातं. 1 सप्टेंबर 2019 पासून लागू झालेल्या सुधारित कायद्याने वेगाचा दंड हलक्या वाहनाला 1,000 ते 2,000 आणि जड वाहनाला 2,000 ते 4,000 रुपये केला. आधी पहिल्या गुन्ह्याला 400 रुपयांवर सुटका होती.

थोड्याच वेळात पडद्यावरचे आकडे शहाण्यासारखे 60-65 वर आले. समोरून जाणारे चालक डिपर मारून येणाऱ्यांना सावध करत होते. “आता तासभर सगळे नियमात चालतील,” हवालदार म्हणाला, “पुढच्या वळणापर्यंत.” त्याच्या बोलण्यात त्रागा नव्हता. पुढच्या वळणापलीकडे त्याच्याकडे दुसरी गन नव्हती, एवढंच.

स्कॉटलंडमध्ये ए-9 या रस्त्यावर डनब्लेन ते इन्व्हर्नेसदरम्यान ऑक्टोबर 2014 मध्ये सरासरी वेग मोजणारे कॅमेरे सुरू झाले. एका खांबावर नंबरप्लेट वाचली जाते, काही मैलांवर पुन्हा वाचली जाते, आणि अंतर भागिले वेळ. कॅमेऱ्यापुरता ब्रेक मारून सुटका नाही, डिपर मारून काही साधत नाही. तिथे नातेवाइकाच्या गाडीत शेजारी बसून जाताना मला जाणवलं ते हे, की कुणीच कुणाला मागून रेटत नव्हतं. सगळ्यांना तेवढीच सक्ती असल्यामुळे हळू चालणारा एकटा पडत नाही. आपल्याकडे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2024 पासून कॅमेऱ्यांची अशी यंत्रणा आली आहे. नवापूरच्या पट्ट्यालाही ती मिळायला हवी, कारण गुजरातची जड वाहतूक इथून रात्रंदिवस वाहते. 21 ऑक्टोबर 2020 च्या पहाटे मलकापूरहून सुरतेला निघालेली खासगी बस कोंडाईबारी घाटात पुलावरून खाली कोसळली आणि पाच जण गेले.

पण घाटाची गोष्ट निराळी आहे, आणि ती मला विसरवाडीच्या ढाब्यावर एका ट्रकचालकाने सांगितली. डिझेल वाचवायला काही जण उताराला गाडी न्यूट्रल करतात. मग इंजिनाचा रोध संपतो, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि पकड सुटते. “दादा, ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर, हे मला उस्तादाने शिकवलं. आता कोण कुणाला शिकवतं?” आणि चलान? ते मालकाच्या नावावर येतं, मालक पगारातून कापून घेतो. गाडी वेळेत पोचली नाही तरी कापतो.

नंदुरबार जिल्ह्यातला सर्वांत जीवघेणा प्रवास तर या महामार्गावर होतच नाही. तळोद्याहून धडगावला जाणाऱ्या चांदसैली घाटात पिकअप ताशी 30 ने चालली तरी ती उलटू शकते, कारण मागे उभ्या माणसांनी तिचा तोल वर गेलेला असतो आणि वळणावर सगळी माणसं एका बाजूला झुकतात. ऑक्टोबर 2025 मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, अस्तंब्याच्या यात्रेहून परतणारी पिकअप याच घाटात उलटली. त्या गाडीत तरुण पोरं होती, आणि त्यांतले अनेक जण घरी परतले नाहीत. अशा गाडीवर गन रोखली तर ती नियमातला वेग दाखवील आणि गाडी पुढे जाईल.

म्हणून मला वाटतं, या जिल्ह्यात वेगाचा बंदोबस्त दोन तऱ्हेचा असावा. महामार्गावर लांब पट्ट्याचे कॅमेरे, आणि घाटवाटांवर माणसं. अस्तंब्याच्या दिवसांत आणि होळीला, गुजरातेतून ऊसतोडीची कुटुंबं परततात तेव्हा, चढणीच्या पायथ्याला कोठारजवळ आणि उताराच्या तोंडाशी धडगावकडे पोलिसाने उभं राहून भरलेल्या पिकअपमधली माणसं उतरवायला हवीत. पण उतरवलेल्या माणसाला डोंगरातल्या पाड्यावर न्यायला तिथेच एसटीची जादा गाडी उभी पाहिजे. नाहीतर तो वळणापलीकडे चालत जाऊन त्याच पिकअपमध्ये पुन्हा चढेल, आणि त्याला दोष देता येणार नाही.