उंच जीप आणि वाकडा दांडा

उसाचा खोडवा मोडल्यावर रानात रोटाव्हेटर चालताना तुम्ही पाहिला असेल. जयसिंगपूरच्या आसपास राहणाऱ्यांना तर हे काही नवीन नाही. आता पुढच्या वेळी नुसतं पाहू नका, कान देऊन ऐका. ट्रॅक्टर बांधापाशी येतो, ड्रायव्हर वळण्यासाठी रोटाव्हेटर वर उचलतो आणि मागून ‘खडखडखड’ असा आवाज सुरू होतो. रोटाव्हेटर पुन्हा खाली टेकला की आवाज गेला! यंत्र तेच, इंजिन तेच. मग नुसतं उचलल्यावर एवढी कुरकुर कसली?

ही कुरकुर असते ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर यांना जोडणाऱ्या फिरत्या दांड्याची. ट्रॅक्टरच्या पाठीमागे ‘पीटीओ’ नावाचं एक फिरणारं टोक असतं. ते दांड्याला फिरवतं आणि दांडा रोटाव्हेटरला. दांड्याच्या दोन्ही टोकांना अधिकच्या चिन्हासारखा एक पोलादी तुकडा बसवलेला असतो. गॅरेजमध्ये त्याला सरळ ‘क्रॉस’ म्हणतात. या क्रॉसमुळे दांडा वाकड्या कोनातही फिरू शकतो. जीप आणि ट्रक यांच्या पोटाखालून मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट असतो ना, तोही याच जातीचा.

जीपकडे वळण्याआधी एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, आणि ही आईबाबांनीही वाचावी. पीटीओ साधारणपणे मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. ओढणी किंवा शर्टाची बाही त्यात अडकली, तर ‘अरे’ म्हणायलाही वेळ मिळत नाही. म्हणून त्या दांड्यावर प्लॅस्टिकची नळी असते. ती फुटली की पुष्कळ जण काढून फेकून देतात. नवी नळी बसवायला होणारा खर्च ट्रॅक्टरच्या खर्चापुढे काहीच नाही. दांडा फिरत असताना तो ओलांडायचा नाही आणि त्याच्या जवळही उभं राहायचं नाही.

तर आता क्रॉसची गंमत. इटलीतला गणिती कार्डानो (१५०१–१५७६) आणि इंग्लंडचा रॉबर्ट हूक (१६३५–१७०३) या दोघांची नावं या जोडाला चिकटलेली आहेत. मोटारगाड्या नव्या होत्या तेव्हा त्यांतल्या बऱ्याच गाड्यांची चाकं सायकलसारखी साखळीने फिरत. साखळीत धूळ जायची, आवाज व्हायचा. अमेरिकेतल्या क्लॅरेन्स स्पायसरने १९०३ साली मोटारीसाठी क्रॉसच्या जोडाचं पेटंट घेतलं आणि पुढे साखळी मागे पडली.

पण या जोडात एक खोड आहे. वाकड्या कोनात तो एकसारख्या वेगाने फिरत नाही! विश्वास बसत नसेल तर घरीच करून पाहा. एक चौकोनी खोडरबर आणि जाड तारेचे दोन तुकडे घ्या. प्रत्येक तार मधोमध दुमडून पीळ द्या, म्हणजे मूठ तयार होईल. उरलेली दोन टोकं बेचकीसारखी फाकवा आणि आत वळवा. एका बेचकीची टोकं खोडरबरच्या समोरासमोरच्या दोन बाजूंत खुपसा, दुसरीची उरलेल्या दोन बाजूंत. झाला क्रॉस! दोन्ही मुठींना कागदाचा छोटा झेंडा चिकटवा. मुठींमध्ये ४५ अंशांचा कोन ठेवा आणि पहिली मूठ ४५ अंश फिरवा. दुसरी मूठ ४५ अंश फिरणारच नाही. ती फिरेल साधारण ३५ अंश, नाहीतर ५५. (कोणती बेचकी कुठे होती त्यावर ते अवलंबून.) पहिली मूठ पूर्ण ९० अंश फिरवा, की दोघी पुन्हा बरोबरीला येतात. म्हणजे एका फेऱ्यात दुसरी मूठ दोनदा पुढे पळते आणि दोनदा मागे रेंगाळते.

मग गाडी उचकत का नाही? कारण दांड्याच्या दोन टोकांना दोन क्रॉस असतात. पहिला जेवढी गडबड करतो, तेवढीच उलटी गडबड दुसरा करतो आणि हिशेब शून्यावर येतो. मात्र त्यासाठी दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत आणि दांड्याच्या दोन टोकांच्या बेचक्या एकाच रेषेत हव्यात. हिशेब शून्य झाला तरी मधला दांडा बिचारा पळत-रेंगाळतच फिरतो, हे लक्षात ठेवा. कोन जितका मोठा, तितके त्याचे हाल जास्त. रोटाव्हेटर उचलल्यावर होणारी खडखड हीच.

आता जीप. आपल्याकडे १९४० च्या दशकाच्या अखेरीला महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जुळवायला सुरुवात केली आणि खेड्यापाड्यांतून जीप ओळखीची झाली. आज कुणाच्या काकाकडे जुनी जीप असते, कुणाच्या दादाकडे थार. चिखलात, दगडधोंड्यात पोट घासू नये म्हणून हौशी मंडळी गाडी उंच करून घेतात. कमानपाटे बदलायचे, नाहीतर उंच स्प्रिंगा घालायच्या, मोठी चाकं बसवायची, की झाली गाडी रुबाबदार! पण बॉडीबरोबर इंजिन आणि गिअरची पेटी वर जाते आणि मागच्या चाकांचा ॲक्सल खालीच राहतो. दोघांना जोडणारा दांडा मधल्यामध्ये तिरका होतो. जीप आखूड गाडी, तिचा मागचा दांडाही आखूड. म्हणून तिला हे जास्त जाणवतं.

किती तिरका? पायथागोरसला बोलवू या. समजा, दांडा ५० सेंटिमीटर लांब आहे आणि त्याची दोन टोकं आडव्या अंतराने ४८ व उभ्या अंतराने १४ सेंटिमीटर दूर आहेत. (४८ आणि १४ यांच्या वर्गांची बेरीज २५००. ताळा करून पाहा.) कोन येतो सुमारे १६ अंश. आता गाडी १० सेंटिमीटर, म्हणजे चार इंच उचलली. उभं अंतर झालं २४ आणि कोन झाला २७ अंशांच्या आसपास. आधी दांड्याचा वेग शंभराच्या जागी ९६ ते १०४ असा हलायचा, तो आता ८९ ते ११२ असा हलतो. गाडी ताशी ६० किलोमीटरने जात असेल तर असा दांडा सेकंदाला ३० फेरे घेतो, म्हणजे ६० हिसके. सीटला, स्टिअरिंगला जी घरघर जाणवते ती हीच. क्रॉसच्या टोपीतल्या सुयांसारख्या बेअरिंगा झिजतात आणि क्रॉस मोडतो. वेगात असताना पुढचं टोक सुटलं, तर फिरता दांडा रस्त्यावर आपटतो. त्यात गाडीही पलटी होऊ शकते.

आणखी एक भानगड. ४८ आणि २४ यांचा कर्ण काढा. येतो जवळजवळ ५४. म्हणजे ५० चा दांडा पावणेचार सेंटिमीटर लांबायला हवा! त्यासाठी दांड्यात खाचांवर सरकणारा जोड असतो. जुन्या विलीज घराण्यातल्या जीपमध्ये तो दांड्यातच असतो. पण १९९७ ते २००६ मधल्या बहुतेक अमेरिकन रँग्लर जीपमध्ये हा सरकता तुकडा थेट गिअरपेटीच्या मागच्या टोकात शिरलेला होता. गाडी उंच केली की तो बाहेर ओढला जायचा, पकड कमी व्हायची. दांडा काढावा लागला तर पेटीतलं तेल गळायचं. म्हणून हौशी कारागिरांनी तो सरकता तुकडाच काढून टाकला. पेटीच्या टोकाला पक्की बेचकी किंवा चकती बोल्टने घट्ट बसवली आणि सरकण्याचं काम दांड्याच्या पोटात नेलं. पेटीबाहेरचं टोक आखूड झालं, त्यामुळे दांड्याला जास्त लांबी मिळाली. लांबी वाढली की कोन कमी, हे तर तुम्हाला आता कळलंच.

शिवाय वरच्या टोकाला एकाऐवजी दोन क्रॉस शेजारी-शेजारी बसवतात. वाकण्याचं काम दोघांत वाटलं जातं आणि दोघांची गडबड तिथल्या तिथे फिटते. मग खालच्या क्रॉसला गडबड करायला वावच ठेवायचा नाही. ॲक्सल किंचित फिरवून डिफरन्शियलचं नाक दांड्याच्या रेषेत वर करायचं. कमानपाट्याच्या गाडीत पाट्याखाली लोखंडी पाचर घालून हे होतं. इथेच अर्धवट कामं होतात! दांडा जुनाच, दोन टोकांना एकेक क्रॉसवाला, आणि नाक मात्र वर केलेलं. मग दोन कोन सारखे राहत नाहीत, हिशेब शून्यावर येत नाही आणि घरघर आधीपेक्षा वाढते. पाचर घालायची तर वरचा दुहेरी क्रॉस हवा, नाहीतर दोन्ही टोकं समांतर ठेवायची. मधला मार्ग नाही.

पालकांसाठी दोन ओळी: मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं ५२ वं कलम नोंदणीतल्या माहितीशी न जुळणारे बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलं. तेव्हा रुबाबाआधी आरटीओत चौकशी करावी.

काकांकडे जुनी जीप असेल तर एक गोष्ट जरूर बघा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, चाकांना दगड आणि काका सोबत. बाजूने वाकून मागच्या दांड्यावर बॅटरीचा उजेड टाका. सरकत्या जोडापाशी ग्रीस आणि धूळ पुसली, तर पुष्कळ दांड्यांवर दोन छोटे बाण दिसतात. दांडा उघडून परत बसवताना बेचक्या एका रेषेत याव्यात म्हणून ते असतात. घाईत एखाद-दोन खाचा चुकल्या की गाडी उंच न करताही घरघरते. बाण समोरासमोर नसतील, तर काकांना दाखवा.