दम्याचं औषध आणि चढलेली साखर
टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाला दमाही असला की पालक दम्याच्या पंपालाच घाबरतात. पंपातलं औषध थेट फुप्फुसात जातं. नेहमीच्या डोसने साखर फारशी हलत नाही. खरी चढते ती तोंडावाटे दिलेल्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने. सकाळी आठला गोळी दिली, तर उपाशीपोटीची साखर बरी दिसते आणि दुपारी चारला ग्लुकोमीटरवर ३०० उमटतात. तेव्हा दुपार-संध्याकाळची तपासणी चुकवू नका. इन्सुलिन डॉक्टरांना विचारून वाढवा. कोर्स संपला की तसंच कमीही करावं लागतं, नाहीतर साखर एकदम उतरते. इन्सुलिन किंवा दम्याचं औषध मनाने मुळीच बंद करू नका. साखर २५०च्या वर, उलट्या, खोल-जलद श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास? हा नुसता दमा नसेल. कीटोन तपासा, तडक रुग्णालय गाठा.