तासाला ३.६ सेकंदांची चूक

लघुपटाचं एडिटिंग एका सॉफ्टवेअरवर होतं, रंगकाम दुसऱ्यावर आणि साउंड तिसऱ्याच स्टुडिओत. प्रोजेक्ट नव्या सिस्टिमवर उघडला की कधी कधी पात्राचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. अशा वेळी अनेक जण आवाजाचा ट्रॅक धरून अंदाजाने सरकवत बसतात. तसं करू नका, आधी चूक मोजा.

फिल्मच्या सुरुवातीचा एक संवाद आणि शेवटचा एक संवाद तपासा. दोन्हीकडे फरक तेवढाच असेल तर घाबरण्याचं कारण नाही. बहुतेकदा एका टाइमलाइनची सुरुवात ००:००:००:०० ला असते आणि दुसरीची, प्रसारणाच्या जुन्या शिरस्त्याप्रमाणे, ०१:००:००:०० ला. सुरुवातीचा टाइमकोड दोन्हीकडे सारखा केला की काम झालं.

फरक वाढत जात असेल तर मात्र दोष फ्रेम रेटचा. तासाभरात ३.६ सेकंदांची तफावत दिसली, तर २४ आणि २३.९७६ यांची गल्लत झाली आहे असं समजा. या विचित्र आकड्याचं मूळ अमेरिकेत आहे. १९५३ मध्ये तिथे रंगीत टीव्हीचं मानक ठरलं. रंगाचा आणि आवाजाचा सिग्नल एकमेकांत अडथळा आणू नयेत म्हणून सेकंदाला ३० फ्रेमचा वेग हजारात एकाने उतरवून २९.९७ केला गेला. पुढे त्याच हिशोबाने २४ चे २३.९७६ झाले. आपल्याकडचा टीव्ही २५ फ्रेमचा, म्हणून हा घोळ आपल्या अंगवळणी पडलेला नाही. पण परदेशी प्लॅटफॉर्मसाठी काम करताना तो हमखास समोर येतो.

नेमका तेवढाच, ३.६ सेकंदांचा, फरक आणखी एका कारणाने पडतो आणि तिथेच जाणकारही चकतात. २९.९७ च्या वेगाने चालणाऱ्या फ्रेमना ३० च्या हिशोबाने क्रमांक दिले, तर टाइमकोड भिंतीवरच्या घड्याळाच्या मागे पडतो. म्हणून ‘ड्रॉप फ्रेम’ पद्धतीत दर मिनिटाला पहिले दोन क्रमांक गाळतात, फक्त दर दहाव्या मिनिटाला गाळत नाहीत. ००:००:५९;२९ नंतर थेट ००:०१:००;०२ येतो. तासाला असे १०८ क्रमांक जातात. गळतात ते क्रमांक, चित्राची एकही फ्रेम कमी होत नाही. त्यामुळे इथे आवाजाचा वेग बदलणं हा उपायच चुकीचा आहे. दोन्ही सिस्टिमवर एकच मोजणी निवडा. शेवटच्या दोन अंकांआधी अर्धविराम दिसला तर सहसा ती ड्रॉप फ्रेम असते.

मोबाइलवरचं शूटिंग हे वेगळंच दुखणं आहे. फोन प्रकाशानुसार फ्रेम रेट कमी-जास्त करू शकतो, त्यामुळे आवाज कुठे पुढे तर कुठे मागे जातो. असं फुटेज एडिटिंगआधीच स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्यावं. नंतर डागडुजी करणं फार कष्टाचं.

एका सिस्टिमवरचं एडिटिंग दुसऱ्या सिस्टिमवर नेण्यासाठी ईडीएल, एक्सएमएल किंवा एएएफ, कोणतीही फाइल पाठवा, सोबत पडद्यावर टाइमकोड छापलेली एक रेफरन्स फाइल द्याच. चित्राच्या पहिल्या फ्रेमच्या बरोबर दोन सेकंद आधी एका फ्रेमचा ‘बीप’ ठेवा. साउंडवाला त्यावरूनच जुळवणी करतो. आणि शूटिंगआधी कॅमेरामन, साउंड रेकॉर्डिस्ट आणि एडिटर यांनी फ्रेम रेट एकदा बोलून ठरवावा आणि कॉलशीटवर लिहून ठेवावा.