प्रतिकृती विमानाचे एंजिन
उडणाऱ्या लहान विमान प्रतिकृतींत आता विद्युत् चलित्रे रूढ झाली असली, तरी दोन धावांच्या एंजिनाचा वापर सुटलेला नाही. नागपूरसारख्या ठिकाणी राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेतील छात्रांना त्याची ओळख होते. या एंजिनात ठिणगी नसते. ग्लो प्लगातील प्लॅटिनमयुक्त तार प्रारंभी विद्युत् घटाने तापवितात. पुढे मिथेनॉलाच्या उत्प्रेरित ज्वलनाने ती लाल राहते. अमेरिकेत रे आर्डेन यांनी १९४७ च्या सुमारास ही युक्ती प्रचारात आणली. वंगण म्हणून एरंडेल इंधनातच मिसळतात.

एंजिनाची जुळणी मुख्यतः सूची झडपेने होते. ती हळूहळू मिटत कमाल वेग गाठतात व मग किंचित उघडतात. नंतर विमानाचे नाक वर धरल्यास वेग ढासळला, तर मिश्रण विरळ असते. दाट मिश्रणाने धूर वाढतो व आवाज घोगरा होतो. विरळ मिश्रणाचा तीक्ष्ण आवाज नवख्याला भुलवितो. परंतु इंधनाबरोबर वंगणही घटल्याने दट्ट्या खरवडला जातो. घट काढताच एंजिन थांबत असेल, तर बहुधा प्लग निकामी झालेला असतो किंवा मिश्रण फार दाट असते.

नागपूरला मे महिन्यात तापमान ४५° से.पर्यंत चढते. हवा विरळ झाल्याने सकाळी जुळविलेले मिश्रण दुपारी दाट ठरते. मात्र सिलिंडरही पुरेसा निवत नसल्याने झडप फार आवळणे घातक होय. पावसाळ्यात मिथेनॉल बाष्प शोषते, म्हणून डबा घट्ट मिटावा लागतो. मिथेनॉलाची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे सांडलेले इंधन पुसल्यावाचून एंजिन सुरू करीत नाहीत.