चेंडू आणि शिवणारे हात

खेळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मैदान येते, खेळाडू येतात, फार झाले तर टाळ्या वाजविणारे प्रेक्षक येतात. पण ज्या चेंडूमागे बावीस माणसे धावतात, तो चेंडू कोणी केला, हा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही. आज आपण त्या चेंडूचाच माग काढू. क्रीडासाहित्याच्या धंद्याची जबाबदारी कोठवर पोहोचते, हे त्यावरून जितके उमजेल तितके नुसत्या तत्त्वचर्चेने उमजणार नाही.

नेहमीचा हातशिलाईचा फुटबॉल 32 तुकड्यांचा असतो. 20 षट्कोनी आणि 12 पंचकोनी. हिशेब केला तर त्यांचे जोड 90 भरतात. गुडघ्यांमध्ये धरलेल्या लाकडी चिमट्यात दोन तुकडे पकडावयाचे, मेणाच्या दोऱ्याच्या दोन्ही टोकांस सुया लावावयाच्या आणि प्रत्येक टाका दोन्ही हातांनी आवळावयाचा, असे हे काम आहे. वाकबगार माणसाचेही दिवसाकाठी तीन-चारच चेंडू होतात.

ह्या कामाचे जगातील सर्वांत मोठे केंद्र म्हणजे पाकिस्तानी पंजाबातील सियालकोट. 1990 नंतरच्या वर्षांत तेथे तुकडे कारखान्यात कापले जात. शिवण मात्र आसपासच्या खेड्यांत घरोघर होई. ठेकेदार तुकडे व दोरा पोहोचवी, तयार चेंडू घेऊन जाई आणि नगावर मजुरी देई. ह्या रीतीत कारखानदारास एक सोय होती: चेंडू कोणी शिवला हे त्यास पाहावे लागत नसे. बापाने शिवला, आईने शिवला की आठ-दहा वर्षांच्या पोराने, चेंडूवर त्याची खूण राहत नाही.

1996 साली ‘लाइफ’ ह्या अमेरिकन मासिकात चेंडू शिवणाऱ्या मुलाचे छायाचित्र आले आणि पाश्चात्त्य ग्राहक हादरला. फेब्रुवारी 1997 मध्ये अटलांटा येथे सियालकोटची व्यापारी संस्था, आंतरराष्ट्रीय मजूर संघटना आणि युनिसेफ ह्यांच्यात करार झाला. 14 वर्षांखालील मुलांना 18 महिन्यांत ह्या कामातून काढावे, शिवण घरांतून नोंदलेल्या केंद्रांत आणावी, तेथे तपासनिसांनी जावे आणि मुलांसाठी शाळा काढाव्या, असे त्याचे स्वरूप होते.

करार चांगलाच होता. परंतु त्याची एक बाजू प्रथम कोणाच्या ध्यानात आली नाही. घरी बसून शिवणाऱ्यांत बायका पुष्कळ होत्या. मूल सांभाळून, चूल पाहून त्या चार पैसे मिळवीत. दूरच्या केंद्रात जाणे त्यांतील अनेकींना पडद्याच्या रीतीमुळे व घरकामामुळे अशक्य झाले, आणि मिळकत बुडाली. पुढे बायकांसाठी वेगळी केंद्रे निघाली, पण सर्वांपर्यंत ती पोहोचली नाहीत. मुलाची सुई काढून घेतली आणि आईची मजुरी वाढविली नाही, तर काम अर्धेच होते, एवढे ह्यावरून दिसते. 2006 साली तर काम पुन्हा घरांत जात असल्याचे आढळून एका बड्या परदेशी कंपनीने आपला पुरवठादार एकदम सोडला. त्याची झळ हजारो शिवणाऱ्यांस लागली.

हे पलीकडच्या देशातले म्हणून आपणांस हात झटकता येणार नाहीत. 1947 च्या फाळणीत सियालकोटचे अनेक कारागीर जालंदरला आले आणि तेथे हाच धंदा उभा राहिला. 1998 साली तेथील निर्यातदारांनीही देखरेखीसाठी संस्था काढली. आपल्याकडे 2016 च्या कायदादुरुस्तीने 14 वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी केली आहे. मात्र शाळेच्या वेळेबाहेर घरच्या, धोक्याच्या नसलेल्या धंद्यात मदत करण्याची मुभा ठेवली आहे. प्रश्न नेमका घराच्या उंबरठ्याआड असतो, हे सियालकोटने दाखविले आहे.

आणि पाण्याचे काय? क्रोमियमने चामडे कमावले की त्याचे सांडपाणी नाल्यात जाते. आता बहुतेक चेंडूंचे आवरण कृत्रिम असते. पण तेही खनिज तेलापासूनच होते, आणि सरस व रंग ह्यांतील द्रावके कामगाराच्या श्वासात जातात. 2022 च्या विश्वचषकाच्या चेंडूसाठी पाण्यावर आधारलेली शाई व सरस वापरल्याचे उत्पादकाने जाहीर केले. ही सुधारणा स्वागतार्ह होय. मुलाचे बालपण काय आणि नाल्याचे पाणी काय, दोहोंची किंमत विक्रीच्या पावतीवर येत नाही. ती दुसराच कोणी भरीत असतो.

मग आपण काय करावे? आपल्या गावच्या शाळा, क्रीडामंडळे आणि नगरपालिका दरवर्षी साहित्य घेतात. त्यांनी सर्वांत कमी दराची निविदा डोळे मिटून मंजूर करू नये. माल कोठे झाला, शिवण केंद्रात होते की घरी, तपासणी कोण करतो आणि नगामागे मजुरी काय पडते, एवढे प्रश्न लेखी विचारावेत. उत्तर असमाधानकारक आले तर लगेच पाठ फिरवू नये, सुधारणेस मुदत द्यावी. कारण आपण तडकाफडकी निघून गेलो तर आधी उपाशी राहतो तो शिवणारा. आणि योग्य मजुरीपायी चेंडू थोडा महाग पडला, तर तेवढे पैसे आनंदाने द्यावेत. नियमाने खेळावे, असे आपण मुलांना मैदानावर शिकवितो. तो नियम चेंडू विकत घेताना आपणही पाळला पाहिजे.