तीस हजार फुटांवरून

१९३९ सालच्या ऑगस्टमध्ये मॉरिस लाँगबॉटम या तरुण ब्रिटिश वैमानिकाने वरिष्ठांस एक टिपण सादर केले आणि टेहळणीच्या विमानाने शत्रूशी झुंजण्याच्या भरीस न पडता केवळ उंची व वेग यांच्या बळावर त्यास चुकवावे, असा विचार मांडला. वैमानिक सिडनी कॉटन यांनी तो उचलून धरला. स्पिटफायर या लढाऊ विमानातील बंदुका उतरवून तेथे कॅमेरे बसविण्यात आले, आणि १८ नोव्हेंबर रोजी लाँगबॉटम स्वतःच असे निःशस्त्र विमान घेऊन जर्मन सरहद्दीकडे निघाले. हे धैर्य असामान्य होते, यात मला मुळीच शंका नाही.

परंतु धैर्याने छायाचित्र सुस्पष्ट होत नाही. तीस हजार फुटांवर तपमान शून्याखाली चाळीस अंशांच्याही खाली उतरते आणि भिंगावर बाष्प गोठते. यास्तव कॅमेऱ्यांभोवती उबदार हवा खेळविण्याची तजवीज करावी लागली. पुढे आलेल्या एफ-५२ कॅमेऱ्याच्या भिंगाचे नाभीय अंतर ३६ इंच, म्हणजे ३ फूट होते, आणि ३०,००० फूट हे त्याच्या दहा हजार पट असल्याने भूमीवरची २० फुटांची वस्तू फिल्मवर जेमतेम ०.६ मिलिमीटर उमटे. सेकंदास दीडशे मीटर वेगाने जाणाऱ्या विमानात झडप सेकंदाचा दोनशेवा भाग जरी उघडी राहिली, तरी तेवढ्यात विमान पाऊण मीटर पुढे सरके व चित्र त्या वस्तूच्या आठव्या हिश्श्याने फाके.

याहूनही विलक्षण योजना होती ती लागोपाठच्या चित्रांची. प्रत्येक चित्र मागच्याचा सुमारे साठ टक्के मुलूख पुन्हा टिपी. अशी जोडी त्रिमितिदर्शकाखाली ठेवली की, पाहणाऱ्याचे दोन डोळे जणू शेकडो मीटर दूर जाऊन बसत, आणि सपाट कागदातून छपरे, धुराडी, उतरंडी उठून उभ्या राहत.

लंडनच्या पश्चिमेस मेडमनहॅम येथे अशा चित्रांची छाननी चाले. २८ नोव्हेंबर १९४३ रोजी टिपलेल्या पेनेमुंडे या जर्मन अस्त्रचाचणी केंद्राच्या चित्रात तेथील छाननीकार कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ यांना चढत्या प्रक्षेपणपट्टीवर एक इवलेसे, क्रुसासारखे विमान दिसले. तेच व्ही-१ हे उडते बॉम्बअस्त्र. कॅमेऱ्याइतकेच श्रेय या चिकाटीच्या दृष्टीला दिले पाहिजे.

युद्धकाळातील अशा चित्रांचे प्रचंड दप्तर आज एडिंबरा येथे जतन केलेले असून, जर्मनीत नवे बांधकाम करण्यापूर्वी जमिनीत न फुटलेले बॉम्ब शोधण्यासाठी तत्कालीन हवाई चित्रे अद्यापही तपासली जातात.