बर्फ राखेसारखा का दिसतो?

हिवाळ्यात स्पितीच्या खोऱ्यात फोटोग्राफी शिकायला आलेल्याला पहिला धक्का कॅमेऱ्याच्या पडद्यावर बसतो. डोळ्यांसमोर लखलखीत पांढरं खोरं, फोटोत मात्र चुलीतली राख पसरल्यासारखं करडं. लेन्स पुसली, चष्मा पुसला, तरी तेच.

हा सगळा कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरचा हिशेब. समोरचं दृश्य मध्यम करडं, म्हणजे साधारण १८ टक्के प्रकाश परत फेकणारं आहे, असं तो धरून चालतो. ताजा बर्फ ८० ते ९० टक्के प्रकाश परत फेकतो. मीटर बिचारा तो उजेड दाबतो आणि फोटो काळवंडतो. म्हणून शिकवणारे पहिल्याच सकाळी सांगतात: एक्स्पोजर एक ते दोन स्टॉप वाढवा आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघा, कारण त्या उन्हात पडदा फसवतो. हात सैल सोडूनही चालत नाही. फार वाढवलं की बर्फावरच्या बारीक लाटा पुसल्या जातात, मग घरी संगणकावर कितीही खटपट केली तरी त्या परत येत नाहीत.

इथवर पोचणं हाही शिक्षणाचाच भाग. मनालीकडून येणारी कुंझुम खिंड बर्फाने बंद असते. मग सिमला, रेकाँग पिओ, नाको, ताबो असा लांबचा वळसा. तो पथ्यावरच पडतो. स्पितीतलं काझा साडेतीन हजार मीटरच्या वर, किब्बर गाव चार हजारांच्याही वर. हळूहळू चढत गेलं तर विरळ हवा अंगवळणी पडते.

थंडीने बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि भरलेली बॅटरी बघता बघता मान टाकते. जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवायच्या. गारठलेली तिथे पुन्हा थोडी धुगधुगते.

कुरकुर करणाऱ्यांना सॅम्युअल बोर्नची गोष्ट सांगावी. १८६६ साली या इंग्रज छायाचित्रकाराने स्पिती आणि किन्नौरमधल्या मणिरंग खिंडीत, सुमारे १८,६०० फुटांवर, फोटो काढले. तेव्हाची पद्धत ओल्या काचेची. काचेला रसायन फासायचं आणि ते वाळायच्या आत फोटो काढून, अंधाऱ्या तंबूत धुऊनही घ्यायचा. सगळा पसारा हमालांच्या पाठीवर. एक काच बिघडली की मेहनत पाण्यात.

वर्गातली खरी भांडणं मात्र पावलांच्या ठशांवरून होतात. सकाळचं तिरपं ऊन बर्फाच्या प्रत्येक उंचवट्याला सावली देतं. दुपारी तोच उतार सपाट दिसतो. सकाळची ती वेळ साधायला सगळे उठलेले असतात आणि कुणीतरी उत्साही नेमका समोरच्या कोऱ्या बर्फातून चालत जातो! आधी फ्रेम ठरवा, मग पाऊल टाका, हे त्यानंतर वेगळं शिकवावं लागत नाही.

सावल्या निळ्या येतात, ही आणखी एक तक्रार. सावलीतल्या बर्फावर सूर्य पोचत नाही, त्यावर उजेड पडतो तो निळ्या आकाशाचा. व्हाइट बॅलन्स बदलून हा निळा घालवता येतो. पण पार घालवला तर फोटोतली थंडीही जाते, तेव्हा थोडा राहू द्यावा.

संध्याकाळचा नियम कोकणात एसी गाडीतून उतरून कॅमेरा काढणाऱ्याला चटकन कळेल. गार लेन्सला दमट हवा लागली की ती धुरकटते. इथे उलटं, बाहेर थंडी आणि आत तंदूर, म्हणजे खोली उबदार ठेवणारी शेगडी, पेटलेला. म्हणून घरात शिरण्यापूर्वी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करायचा आणि आत नेल्यावर तो खोलीइतका ऊबदार होईपर्यंत उघडायचा नाही. मेमरी कार्ड मात्र बाहेरच काढून घ्यायचं. ते विसरलेला एक तरी गडी दर वेळी असतोच. बाकीचे चहा पीत फोटो बघतात, आणि तो तंदूरशेजारी बसून त्या बंद पिशवीकडे बघतो.